ज्या हातानं बांधला

पंचफुलानं लेकरू सरळ भागीरथाबाईच्या मांडीवर ठेवलं आणि त्याच्या गळ्यातला काळा दोरा बोटानं वर उचलून धरला.

"सोडा बाई हे. आत्ताच्या आत्ता सोडा."

भागीरथाबाई दोरा वळत बसली होती. तिनं तो बाजूला टाकला आणि मांडीवरच्या पोरीकडे पाहिलं. उमरेडची लतिका. दिवाळीच्या आधी हिला ताईत बांधला तेव्हा पोरगी मांडीवर ठरत नव्हती, बाईच्या बांगड्या ओढत होती. आता ठेवली तशी पडून राहिली. ओठ पांढरे पडलेले, पोट ताठलेलं, आणि डोळे उघडे असून कुठंच न पाहणारे.

"अवं माय! काय झालं हिले?"

"उलट्या होऊन राहिल्या. कित्येक दिवस झाले, धड खात नाही. काल झटका आला म्हनून घेऊन आलो. इथंच भरती केलं." पंचफुलानं समोरच्या दवाखान्याकडे मान केली. "डॉक्टर म्हनते, गळ्यातलं काढा आधी. नर्स कातर घेऊन आली होती."

"मी तिचा हातच धरला," मागून मनकर्णाबाई म्हणाली. ही पंचफुलाची सासू. अंगानं वाळकी, पण आवाज असा की हातमागाच्या खडखडाटातही घरभर ऐकू जावा. "म्हनलं, खबरदार! ज्या हातानं बांधला त्याच हातानं सुटन. बाईनं बजावून सांगतलं हाय."

बजावलं होतं, खोटं कशाला बोला. भागीरथाबाई प्रत्येक आईला बजावायची. दात येताना लेकराला जुलाब होतात, ताप येतो, नजर लागते. त्यासाठी हा नळीचा इवलासा ताईत. आत अंगाऱ्याची चिमूट, वर चांदीचं कवच, आणि बांधताना तोंडातल्या तोंडात म्हणायचे चार शब्द. लेकरू तो तोंडात घालतं, चावतं, हिरड्यांना बरं वाटतं. तो मधेच काढायचा नाही. काढायचाच तर बांधणाऱ्या हातानं. दुसऱ्या कोणी कापला, तर ज्यापायी बांधला ते दुणावून परत येतं. सासूनं तिला हे सांगितलं होतं, सासूला तिच्या सासूनं. धंद्याची युक्ती म्हणायची असेल तर म्हणा, पण भागीरथाबाई ती युक्ती म्हणून सांगत नव्हती. तिला ते खरं वाटायचं.

आणि आणखी एक. नागपूरच्या धंतोलीतल्या या गल्लीत, औषधांचं दुकान आणि संत्र्या-मोसंब्यांची हातगाडी यांच्या मधल्या सांदीत तिची टपरी होती. चंद्रपूर-यवतमाळपासूनचे पेशंट समोरून जायचे. पण औषध सोड, ताईत घाल, असं तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. उलट म्हणायची, आधी डॉक्टर, मग मी. दवाखान्यातल्या एका कंपाउंडरनं आपल्या पोरालाही तिच्याचकडून ताईत बांधून नेला होता. याचा तिला केवढा अभिमान! आल्यागेल्याला सांगायची.

"डॉक्टरले काय खुपलं यात?" ती जरा दुखावूनच म्हणाली.

"म्हनते, शिशाचं हाय. चावून चावून पोटात गेलं म्हनते. हिरडीवर काळी रेघ हाय, ते दाखवली त्यानं मले." पंचफुलानं पोरीच्या ओठांवरून बोट फिरवलं. "ताईत सोडून घेऊन ये म्हनते, तपासाचा हाय."

भागीरथाबाई हसली.

"शिसं? अवं चांदी हाय ते. माह्या घरी चांदीचं काम चालते, काही भंगाराचं दुकान नाही."

तिनं ताईत चिमटीत धरला. जागोजाग दातांचे खड्डे होते. वरचा चांदीचा रंग खड्ड्यांत उडाला होता आणि खालून करडं काही दिसत होतं. हसता हसताच तिनं अंगठ्याचं नख त्यावर दाबलं. नख रुतलं.

चांदीत नख रुतत नाही. नत्थूजींच्या, म्हणजे नवऱ्याच्या, शेजारी बसून तिनं अर्धं आयुष्य फुंकणीनं जाळ फुलवला होता, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिनं दुसऱ्या जागी नख दाबून पाहिलं. तिथंही रुतलं.

"खरं काय बाई?" पंचफुला तिच्या तोंडाकडे पाहत होती. "शिसं हाय?"

रस्त्यावरून एक रिक्षा घंटी वाजवत गेली. मोसंबीवाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता. भागीरथाबाईनं मान खाली घातली, गाठ शोधली, आणि नेहमीचे चार शब्द पुटपुटत ती सोडवायला लागली. गाठ तिचीच, पण सुटता सुटेना.

"काम झालं त्याचं," ती म्हणाली. "म्हनून काळवंडला. आता गरज नाही हिले."

मनकर्णाबाईनं दोन्ही हात जोडले. "पाह्य वं पंचफुला! मी म्हनलं नव्हतं? इडापिडा घेतली त्यानं आपल्या अंगावर."

पंचफुलाचा जीव भांड्यात पडला तसं तिनं पदरानं डोळे पुसले. "द्या बाई तो इकडं. डॉक्टरले दाखवतो."

"दाखवाचा नसते." भागीरथाबाईनं मूठ मिटली. "पान्यात सोडा लागते. मी सोडीन."

असं कुठलंही पाणी आणि कुठलाही नियम तिच्या सासूनं सांगितलेला नव्हता. तो त्या क्षणी तिच्या तोंडातून बाहेर पडला, आणि पडला तो इतक्या सहज की तिची तिलाच भीती वाटली.

लतिकाला खांद्यावर टाकून पंचफुला रस्ता ओलांडून गेली. मनकर्णाबाई मात्र घुटमळली.

"मी निघतो आता संध्याकाळच्या एसटीनं. घरी बुढा एकटा हाय," ती आनंदानं म्हणाली. "मोहल्ल्यात सांगतो साऱ्यायले. मागच्या खेपेला आमी साऱ्याजनी संगंच तर आलो होतो तुमच्याकडे! घराघरात हाय तुमचा ताईत. कोनाचं लेकरू किरकिर करते, कोनाचं जेवत नाही. आता सांगतो, घाबरू नका, काम चालू हाय त्याचं. काळा पडल्याबिगर काढू नका म्हनून."

"अवं, ऐक..." भागीरथाबाई म्हणाली.

पण मनकर्णाबाई केव्हाच वळली होती. बस गाठायची होती तिला.

*

सक्करदऱ्याच्या घरी भागीरथाबाईचा लेक रुपराव मागच्या पडवीत कानस चालवत होता. दिवेलागणीची वेळ. त्याची धाकटी पोर, रांगती, उंबऱ्याशी एक वाटी आपटत बसली होती. भागीरथाबाईनं पायातल्या चपला न काढताच ताईत त्याच्यासमोर टाकला.

"काय हाय हे?"

रुपरावनं पाहिलं. उचलला नाही.

"कुठून आला?"

"मी विचारून राहिली, कायचा हाय?"

त्यानं कानस खाली ठेवली. पडवीच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली काहीतरी होतं, तिकडे त्याची नजर गेली आणि परत आली. भागीरथाबाईनं जाऊन गोणपाट उचललं. करडा, जाडजूड, तोडून तुकडे केलेला नळ. सिव्हिल लाइन्समधला एखादा जुना बंगला पाडला की असं भंगार निघतं.

"शिसं," ती म्हणाली.

"हो, शिसं. मग? वरून चांदीचं पानी देतो ना मी!" रुपरावचा आवाज चढला. "चांदीचा भाव कुठं गेला, पायलं का तू? त्या भावात लेकरायले ताईत कोन घेईन? टपरी बंद करा लागली असती. अन् शिशानं काय होते? याच नळातून इंग्रज पानी पेत होते, साहेब लोक!"

"पोरगी मरून राहिली तिकडं, रुपराव."

"डॉक्टरनं छातीठोक सांगतलं का, की याच्यानंच म्हनून?"

"सांगतलं."

तो हळू आवाजात, समजावल्यासारखा म्हणाला, "बरं. आजपासून बंद. हा नळ उद्या विकून टाकतो. तांब्याचे बनवू. जे गेले ते गेले, बाई. कोनाले समजते? तू फक्त चूप राह."

आईला तो लहानपणापासून बाईच म्हणायचा. भागीरथाबाई त्याच्याकडे पाहत राहिली. याला चोर म्हणावं तर तो चोर नव्हता. दारू नाही, पत्ते नाहीत, बापाच्या मागं घर त्यानंच ओढलं. तिला त्याची दयाही आली आणि त्याच्या थोबाडीत द्यावीशीही वाटली.

वाटी टाकून नात रांगत आली आणि आजीच्या लुगड्याला धरून उभी राहिली. तिच्याही गळ्यात ताईत होता. भागीरथाबाईनं खाली वाकून तो धरला. नख दाबलं. पुन्हा दाबलं.

नख रुतलं नाही. हा नत्थूजींच्या हातचा, जुना, चांदीचा.

"हिले बरा चांदीचा घातला तू?"

रुपरावनं कानस पुन्हा हातात घेतली.

"आँ? काहून गा? साहेब लोकायनं पेलं होतं ना पानी?"

"घरात होता, म्हनून घातला," तो पुटपुटला. मग एकदम उसळला. "अन् तुले काहीच ठाऊक नव्हतं का? बांधत तर तूच होती! चांदीचा ताईत एवढा जड लागते? नत्थूजी कारागिराची बायको ना तू? एकदाही विचारलं नाही मले. एकदाही!"

भागीरथाबाईनं नातीला उचलून कडेवर घेतलं.

जड लागला होता. पावसाळ्यातच, पहिली खेप हातात आली तेव्हा. तळहातावर तोलून पाहिला होता तिनं. मनात आलं होतं, पोरानं पत्रा जाड घेतला वाटतं, हात ढिला आहे याचा. आणि असं मनात आणून तिनं ताईतांची डबी बंद केली होती. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं. सांगितलं असतं तर काही करावं लागलं असतं.

त्या रात्री सून भाकरी वाढून गेली, ती तशीच राहिली.

*

सकाळी ती टपरीवर गेली नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. डॉक्टर राऊंडवरून बाहेर आले. पन्नाशीचा, केस विरळ झालेला माणूस. तिनं पदराच्या गाठीतून ताईत काढून त्यांच्यासमोर धरला.

"लतिकाचा हाय. उमरेडच्या."

डॉक्टरांनी चष्मा वर केला. "तुम्ही त्या समोरच्या टपरीवाल्या ना? पाण्यात सोडला म्हणून सांगत होती तिची आई."

"नाही सोडला. शिसं हाय यात. नळाचं."

तिला वाटलं होतं, हे आता ओरडतील. चार माणसांत वाटेल ते बोलतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं, मान खाली घालून ऐकून घेतलं असतं तिनं. डॉक्टरांनी फक्त ताईत नखानं खरवडून पाहिला.

"असे किती लेकरांना दिलेत?"

"मोजले नाही. उमरेडच्या एका मोहल्ल्यात लय हायेत."

"सगळ्यांचे काढा. आज. आणि सगळ्यांना घेऊन या इकडे, तब्येत बरी दिसत असली तरी." ते जायला वळले, मग थांबले. "यावर इंजेक्शनं आहेत, बाई. पण आधी पोटात जायचं थांबलं पाहिजे. या पोरीला उशीर झाला. पहाटे पुन्हा झटका आला तिला."

वॉर्डाचं दार उघडंच होतं. आतून पंचफुलाचा आवाज येत होता, ती पोरीशी काहीबाही बोलत होती, चिमणीचं, माऊचं. भागीरथाबाई दारापर्यंत गेली. आत पाऊल टाकायची तिची हिंमत झाली नाही.

उमरेडच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. काय सांगायचं ते मनातल्या मनात घोळवत होती. चांदीत भेसळ निघाली, असं सांगावं. कारखान्यातून पत्राच खराब आला, आम्ही फसलो, असं सांगावं. किंवा काहीच सांगू नये; नेहमीचे शब्द म्हणून सगळ्यांचे सोडवावेत, 'काम झालं' म्हणावं आणि दवाखान्यात न्या म्हणावं. लेकरं वाचल्याशी मतलब. रुपरावचं नाव निघायला नको, टपरीही राहील. हे शेवटचं तिला पटलं. वाटेतली दिघोरी मागं पडली तेव्हा तिनं तेच ठरवून टाकलं आणि पदर सारखा केला.

*

कोष्ट्यांच्या मोहल्ल्यात घरोघरी माग चालू होते. मनकर्णाबाईनं तिला लांबून पाहिलं आणि हातातलं काम टाकून धावत आली.

"बाप्पा! बाई सोता आल्या! अवं सिंधू, अवं इंदू, या वं साऱ्याजनी! धंतोलीच्या बाई आल्या!"

माग एकेक करून थांबले. बाया लेकरं कडेवर घेऊन अंगणात जमल्या. कुणाचं लेकरू हसत होतं, कुणाचं मलूल होतं, कुणी ताईत तोंडात घालून लाळ गाळत होतं. भागीरथाबाईला कुणाच्या तोंडाकडे पाहवेना, ती गळ्यांकडेच पाहत होती. काळे दोरे. सगळे तिच्या गाठीचे.

मनकर्णाबाईनं तांब्या आणला. नको नको म्हणेपर्यंत तिनं तिचे पाय धुतलेसुद्धा. गार पाणी पायावर पडलं तसे भागीरथाबाईनं पाय मागं ओढले.

"लतिकाच्या ताईताचं सांगतलं मी साऱ्यायले," मनकर्णाबाई म्हणाली. "कशी हाय ती? बरी हाय ना आता?"

"साऱ्या लेकरायचे ताईत सोडाले आली मी," भागीरथाबाई म्हणाली. जे ठरवलं होतं तेवढंच. "काम झालं त्यायचं. अन् सोडल्यावर साऱ्यायले दवाखान्यात न्या. आजच."

"काम झालं?" इंदू नावाची एक ठसठशीत बाई पुढं आली. तिच्या कडेवरचं पोर चांगलं टुणटुणीत होतं. "याचा तं अजून काळा नाही पडला. मी नाही सोडू देत. याच्या दाढा यायच्या हायेत. अन् धडधाकट लेकरू दवाखान्यात काहून नेऊ?"

"माह्या लेकराचाही नाही सोडाचा," दुसरी म्हणाली. "काळा पडू द्या."

"हो ना बाई," मनकर्णाबाई म्हणाली. "एवढी घाई काहून? काम पुरं होऊ द्या."

तिचंच बोलणं फिरून तिच्याच पुढ्यात आलं होतं. भागीरथाबाईनं त्या टुणटुणीत पोराकडे पाहिलं. ते ताईत दाताखाली धरून करकर चावत होतं, आणि आई कौतुकानं पाहत होती.

"त्यात विष हाय," भागीरथाबाई म्हणाली.

मनकर्णाबाईचा चेहरा उजळला.

"ऐकलं वं? विष ओढून घेतलं ताईतानं! लेकरायच्या अंगातलं सारं विष!"

कुणीतरी "देवा रे" म्हटलं. एक म्हातारी पुढं येऊन भागीरथाबाईच्या पायावर डोकं ठेवायला वाकली. भागीरथाबाई मागं सरली, भिंतीला टेकली.

"नाही!" ती ओरडली. असं ओरडताना तिला धंतोलीत कुणी ऐकलं नसेल. "नाही वं बायायनो! लेकरायच्या अंगात कोनतंच विष नव्हतं. ते ताईतात होतं. आमी घातलं. चांदी म्हनून शिसं इकलं तुमाले. नळाचं शिसं. तेच चावून चावून लतिकाच्या पोटात गेलं. बरी नाही झाली ती. पहाटे पुन्हा झटका आला. मी खोटं सांगतलं तुमाले काल."

मनकर्णाबाईच्या हातात तांब्या तसाच होता. तिनं तो हळूच खाली ठेवला.

"तुमाले ठाऊक होतं?" तिनं विचारलं. आवाज बारीक झाला होता.

इथं भागीरथाबाईला वाट होती. मला ठाऊक नव्हतं, पोरानं केलं, असं म्हटलं असतं तर ते खोटंही नव्हतं. जिभेवर आलंही होतं ते.

"हाताले जड लागत होतं," ती म्हणाली. "इचारलं नाही."

मनकर्णाबाई तिच्याकडे पाहत राहिली. मग पाठमोरी होऊन घरात गेली. आली ती मागावरची कातर घेऊन. क्षणभर भागीरथाबाईला वाटलं, ही आता आपल्याच अंगावर येते. ती हलली नाही. मनकर्णाबाई तिच्यासमोरून पुढं गेली, इंदूच्या पोराच्या मानेखाली हात घातला आणि दोरा कचकन कापला. पोर भोकाड पसरून रडायला लागलं. इंदूनं हूं की चूं केलं नाही. मग पुढचं लेकरू. मग त्यापुढचं. कापताना मनकर्णाबाईच्या तोंडाचा पट्टा सुटला होता. भागीरथाबाईच्या सात पिढ्या ती वर काढत होती, आणि मधेच "माही लती, माही लती वं" म्हणत होती. दुसऱ्या बायांनीही आपापल्या घरून कातरी आणल्या. एकीनं तर दातानंच दोरा तोडला. ताईत अंगणात पडत होते, आणि त्यांच्यावर पाय पडत होते.

भागीरथाबाईनं जवळच्या एका लेकराच्या गळ्याकडे हात नेला, गाठ सोडवावी म्हणून. त्याच्या आईनं तो झिडकारला.

"हात नको लावू माह्या लेकराले!"

तिनं हात मागं घेतला आणि भिंतीशी उकिडवी बसली. शिव्या खाऊन घेत होती. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, त्या पुसायचंही भान तिला नव्हतं. तरी आतून कुठंतरी मोकळंही वाटत होतं, आणि तसं वाटतं याचीच लाज वाटत होती.

सगळ्यांत शेवटी एक राहिली. सिंधू. वीस-बावीस वर्षांची, पिवळट, डोळे खोल गेलेली. अंगणाच्या टोकाशी पोरीला छातीशी घट्ट धरून उभी होती. मनकर्णाबाई कातर घेऊन तिच्याकडे वळली तशी ती मागं मागं जायला लागली.

"नका कापू आत्या. नका. दोन गेले माहे हिच्या आधी. हे एक राहिली."

"अवं, ऐकलं ना तू? विष हाय त्यात!"

"ऐकलं. पन कापू नका." ती वळसा घालून भिंतीपाशी आली आणि भागीरथाबाईसमोर बसली. पोरीची मान पुढं केली. "तुमी सोडा. तुमी बांधला, तुमीच सोडा. ते शब्द म्हना अन् सोडा."

मनकर्णाबाईनं कातर खाली केली. भागीरथाबाईनं दोन्ही हात लुगड्याला पुसले. गाठ धरली. चार शब्द तिनं म्हटले, अगदी हळू. त्या शब्दांत आता काय राहिलं होतं ते तिचं तिला ठाऊक नव्हतं, पण सिंधू कान देऊन ऐकत होती. गाठ सुटली. दोरा निघाला. पोरीच्या गळ्याभोवती दोऱ्याची फिकट खूण उमटली होती.

सिंधूनं त्या खुणेवरून बोट फिरवलं. मग वर पाहिलं.

"आता काय बांधू हिले?"

"काही नाही बांधाचं, माय."

"मंग राखन कोन करन हिची?" सिंधूनं विचारलं. रागानं नाही, खरंच विचारलं. "दवाखान्यात तं त्या दोघायलेही नेलं होतं."

बायांच्या शिव्या थांबल्या होत्या. ज्यांनी दोरे कापले होते त्याही आपल्या लेकरांच्या मोकळ्या गळ्यांवर हात ठेवून उभ्या होत्या आणि सगळ्याजणी भागीरथाबाईकडेच पाहत होत्या. आजवर अशा प्रश्नाला तिच्या डबीत उत्तर असायचं.

"मी नाही सांगू शकत," ती म्हणाली. "डॉक्टरनं साऱ्यायले बोलावलं हाय. इंजेक्शन हाय म्हनते. मी येतो संगं."

मनकर्णाबाईनं कातर कमरेला खोचली आणि सिंधूच्या दंडाला धरून तिला उठवलं.

"चाल. दुपारची बस भेटन. घ्या वं लेकरं साऱ्याजनी." भागीरथाबाईकडे तिनं पाहिलं नाही.

नागपूरची बस आली तेव्हा गच्च भरलेली होती. कंडक्टरनं लेकुरवाळ्या बाया पाहून आरडाओरडा करून पुढची काही माणसं उठवली. भागीरथाबाईला दोघांच्या बाकावर खिडकीशी जागा मिळाली. जागा पुरल्या नाहीत; उरलेल्या बाया लेकरं कडेवर घेऊन दांड्याला लोंबकळत उभ्या राहिल्या, रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्यांना हलवून जात होता. कंडक्टर तिकिटं फाडत आला.

"अहो बाई, ती तुमच्यासाठी ठेवलेली जागा रिकामी आहे ना तिथं! बसा की कुणीतरी!"

उमरेडपासून नागपूरपर्यंत तिच्या शेजारी कोणी बसलं नाही.